नवा रस्ता, जास्त उशीर
"जोडण्या वाढवल्या की नेटवर्क वेगवान होणारच" हे नेहमी ऐकू येणारं विधान दरवेळी खरं ठरत नाही. जर्मन गणिती डीट्रिख ब्राएस यांनी 1968 मध्येच त्याला सुरुंग लावला.

आकडे घ्या. 4000 गाड्या, दोन मार्ग. प्रत्येक मार्गात एक रुंद रस्ता (कायम 45 मिनिटं) आणि एक अरुंद (गाड्या भागिले 100 मिनिटं), फक्त उलट क्रमाने. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या की 20 अधिक 45, म्हणजे 65 मिनिटं. आता दोन्ही मार्गांच्या मधे, एका अरुंद रस्त्यावरून थेट दुसऱ्या अरुंद रस्त्यावर नेणारा, शून्य वेळाचा जोडरस्ता टाका. अरुंद रस्त्याला फार तर 40 मिनिटं, म्हणून प्रत्येकजण दोन्ही अरुंद रस्ते धरतो आणि सगळ्यांना 80 लागतात! एकट्याने मार्ग बदलला तर 85, म्हणून कुणी हलतही नाही. अर्थशास्त्रातला नॅश समतोल तो हाच.

याच कोड्याचा भौतिकशास्त्रातला अवतार मला जास्त आवडतो. कोहेन आणि होरोविट्झ यांनी 1991 मध्ये दाखवलं, की स्प्रिंगांना टांगलेल्या वजनाची एक दोरी कापली की वजन खाली न येता वर जातं.

संगणक नेटवर्कातल्या राउटरबाबत मात्र सबुरीने. ओएसपीएफमध्ये (राउटर डेटाचा मार्ग ज्याने ठरवतात तो एक प्रोटोकॉल) मार्गाची किंमत सहसा स्थिर असते, गर्दी पाहून बदलत नाही. त्यामुळे हे गणित तिथे जसंच्या तसं चिकटवता येत नाही.