सुपरमार्केटच्या पार्किंगची १०० पौंडांची नोटीस (इंग्लंड)

स्लाऊकर: मुभा दोन तासांची, कॅमेऱ्यात २ तास १४ मिनिटं. १४ दिवसांत भरले तर ६० पौंड. पत्र फाडून टाकलं तर?

चहाटळ: फाडू नका. हा सरकारी दंड नव्हे, खासगी कंपनीचा कराराचा दावा आहे. पण २०१५ मध्ये अशाच पार्किंगच्या बीव्हिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने ८५ पौंडांची आकारणी वैध ठरवली, त्यामुळे काउंटी कोर्टात खेचू शकतात. आधी पावती घेऊन दुकानाच्या मॅनेजरला गाठा. बरेचदा तिथेच रद्द होतं.

नियमावली: तारीख बघा. काचेवर चिठ्ठी नसेल तर नोटीस कीपरला (गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली त्याला) १४ दिवसांत पोचायला हवी, नाहीतर २०१२ च्या कायद्याने कीपरकडून वसुली नाही. मग ते फक्त चालकाकडून मागू शकतात, म्हणून कंपनीकडच्या अपिलात ‘मी’ नको, ‘चालक’ लिहा. ह्या एका शब्दावर हातची केस जाते!

चहाटळ: शिवाय कॅमेरा आत-बाहेरची वेळ टिपतो, गाडी लावल्याची नाही. शेवटची १० मिनिटं सूट. उरली चार, ती जागा शोधण्यातच जातात. कंपनी बीपीएची (ब्रिटिश पार्किंग असोसिएशन) सभासद असेल तर तिच्या नकारानंतर २८ दिवसांत पोप्ला या स्वतंत्र अपील सेवेकडे फुकट अपील. तिथे हरलात तर मात्र बहुधा पूर्ण १००.