किडनी कॅन्सर: व्हीईजीएफसाठी सीरम की प्लाझ्मा?

सांगली_लॅब: क्लिअर सेल प्रकारच्या किडनी कॅन्सरच्या अभ्यासासाठी रक्तातलं व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) एलायझावर (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजायची चाचणी) मोजायचंय. नमुने इथे काढून पुण्याला जाणार. लाल झाकणाची ट्यूब (रक्त गोठवून सीरम काढायची) चालेल का?

मिरज_पॅथो: लाल नकोच. रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःकडचं व्हीईजीएफ बाहेर टाकतात, सीरममधला आकडा फुगतो. त्यात या रुग्णांच्या प्लेटलेट्स कधी कधी आधीच वाढलेल्या, म्हणजे घोळात घोळ. प्लाझ्मासाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब (यात रक्त गोठत नाही) घ्या, 8-10 वेळा हळुवार उलटी करा, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करा. प्लाझ्मा ओढताना मधल्या पांढऱ्या थराला (पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स) टिप लागू देऊ नका. थोडा प्लाझ्मा मागे सोडा, काढलेला पुन्हा एकदा फिरवा. मग छोट्या नळ्यांत वाटून उणे 80 अंशांवर. पुण्याला ड्राय आइसमध्ये. अख्खं रक्त तसंच एसटीनं धाडलंत तर मुसळ केरात!

सातारा_ऑन्को: फॉर्मवर औषध सुरू झाल्याची तारीख हवीच. सुनिटिनिबवर (व्हीईजीएफचं काम अडवणारं कॅन्सरचं औषध) प्लाझ्मातलं व्हीईजीएफ चढतं, विद्राव्य व्हीईजीएफआर-2 (व्हीईजीएफच्या रिसेप्टरचं रक्तात फिरणारं रूप) उतरतं. हा औषधाचा परिणाम. गाठ वाढली असा अर्थ काढू नका.

सांगली_लॅब: मग या आकड्यावर उपचार ठरवता येतात?

सातारा_ऑन्को: नाही. पसरलेल्या आजारात जोखीम हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल, प्लेटलेट्स, रुग्णाची कार्यक्षमता आणि निदानापासून वर्षाच्या आत औषध लागलं का, यावरच ठरते. रुग्णाला या तपासणीचं बिल लावू नका.