नॉमिनी आणि वारस यांत फरक काय?

कोथरूडकर : माझे वडील गेल्या वर्षी मृत्युपत्र न करताच वारले. त्यांनी स्वकमाईतून घेतलेल्या कोथरूडच्या सदनिकेसाठी गृहनिर्माण संस्थेकडे नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचे नाव दिले होते, आणि आता भाऊ म्हणतो की मालक तोच. घरात आई, भाऊ आणि मी (विवाहित मुलगी) असे तिघे वारस आहोत. मुळशीला वडिलांची आई असते. मग वारस असण्याला काही अर्थ उरतो का?

जुना पुणेकर : अर्थ पुरेपूर उरतो. नॉमिनी हा केवळ ताब्यात घेऊन सांभाळणारा असतो. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच तसे सांगितले आहे आणि सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसारही, वारस ठरेपर्यंत नॉमिनीला मिळते ते तात्पुरते सभासदत्व. आपले लग्न झाले आहे की नाही, याचा इथे काहीही संबंध नाही.

दस्तलेखक : आपल्या मोजणीत मात्र एक चूक आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि मृताची आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. म्हणजे आजी हयात असल्याने हिस्से तीन नव्हे, चार समान होतात. आजी मृत्युपत्राविना गेल्यास तिचा चतुर्थांश आपल्याबरोबरच काका-आत्यांकडेही जाईल. दस्त करताना म्हातारीचे नाव राहून जाते आणि पुढे विक्रीच्या वेळी तेच आडवे येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

कोथरूडकर : आजीचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. मुळशीच्या जमिनीचेही असेच हिस्से होतील का?

जुना पुणेकर : ती वडिलोपार्जित असेल तर नाही. तेथे मिताक्षरेप्रमाणे, म्हणजे हिंदू वारसाहक्काच्या जुन्या शास्त्राप्रमाणे, हक्क जन्मानेच मिळतो, तो ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही मिळाला, आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. सातबारावरील वारसनोंदीने मात्र मालकी ठरत नाही; ती महसुलासाठी असते.

दस्तलेखक : आजीला हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागेल, तोंडी ‘मला काही नको’ म्हणणे पुरणार नाही. आधी तिला निवांतपणे विचारा, आणि विचारताना भावाला शेजारी बसवू नका.