'ऊर्जाटंचाई' की 'ऊर्जादारिद्र्य'?

सूरसागरकाठची:
विकसनशील देशांत घरोघरची ऊर्जेची गरिबी कशी मोजतात, यावरचा मजकूर मराठीत आणतेय. मी 'ऊर्जाटंचाई' लिहिलं, तर तपासणाऱ्या काकांनी लाल रेघ ओढली. का बरं? आमच्याकडे 'बळतणाची टंचाई' असंच म्हणतात. ('जळण' शब्द घरातून केव्हाच गेला. बडोद्याची मराठी, चालायचंच.)

जुना बडोदेकर:
रेघ बरोबर आहे, ताई. टंचाई साऱ्या गावाला पडते. दारावरून तार गेलीय पण मीटरला पैसे नाहीत, हे त्या एका घराचं दारिद्र्य. ब्रिटनमध्ये संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली मापही घराचंच घेतलं: पुरेशा ऊर्जेला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त लागत असतील, तर ते घर इंधन-दरिद्री.

चूलबंद:
ते माप छोटा उदेपूरकडे लावून बघा! सरपण रानातून येतं, खर्च शून्य, म्हणजे तिथली बाई सुखवस्तू. मोळीपायी गेलेला दिवस आणि डोळ्यांतला धूर कुठल्याच रकान्यात नाही. ऊर्जादारिद्र्याच्या बहुआयामी निर्देशांकात, म्हणजे अनेक उणिवा एकत्र मोजणाऱ्या मापात, तो धूर येतो. स्वयंपाकाचं इंधन, घरातला धूर, वीज यांना एकूण १ पैकी प्रत्येकी ०.२ भार, उरलेला फ्रीज, टीव्ही-रेडिओ आणि फोन यांना. उणिवांची बेरीज ०.३ च्या वर गेली की घर दरिद्री. म्हणजे वीज, फ्रीज, टीव्ही, फोन सगळं असूनही धुराड्याविना चूल पेटत असेल, तर ०.४. घर नापास. 'उणीव'ऐवजी 'वंचना' कसा वाटतो?

जुना बडोदेकर:
नको. वंचना म्हणजे फसवणूक; 'आत्मवंचना' आठवा. 'वंचित' रुळलाय, तो वेगळा.

सूरसागरकाठची:
आणि 'टियर'? घराला वीज किती मिळते ते मोजणाऱ्या जागतिक बँकेच्या २०१५ च्या चौकटीत ० ते ५ टियर आहेत. टियर १ मध्ये दिवसाकाठी किमान ४ तास वीज, त्यातला १ तास संध्याकाळचा. टियर ५ मध्ये २३ तास. 'स्तर' लिहू?

कंदील:
'पायरी' लिहा, चढता येते. खरी गोची 'लाईट'ची आहे. जोडणी मिळाली तरी आपण 'लाईट आली' म्हणतो आणि तासाभराने परत आली तरी तेच. एका पाहणीत प्रश्न होता, 'घरात लाईट आहे का?' आजी म्हणाल्या, 'दुपारपासून नाही.' पोराने 'नाही'वर खूण केली. मीटर त्यांच्या डोक्यावरच होतं! २०११ च्या जनगणनेने उजेडाचं मुख्य साधन विचारलं, तेव्हा ६७ टक्के घरांनी वीज सांगितली, ३१ टक्क्यांनी रॉकेल. सरकारी व्याख्येत शाळा-पंचायतीत वीज आणि १० टक्के घरांना जोडणी असली की गाव विद्युतीकृत. एप्रिल २०१८ मध्ये देशातली सगळी गावं त्या अर्थाने झाली. तिथे 'लाईट आली' चालतं. पायऱ्या तास मोजतात, त्यांना 'लाईट असते' लागतं.

सूरसागरकाठची:
मग नमुना-प्रश्न असा करते: 'काल दिवेलागणीनंतर लाईट किती वेळ होती?'

जुना बडोदेकर:
छान. काका आता 'लाईट'वर रेघ मारतील.