घाटात दम लागणारी जुनी डिझेल घरगाडी: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता, म्हापसा

गोव्यात घरगाडी बाळगणाऱ्याचा मोठा गैरसमज असतो की आपली गाडी उत्तम चालते. पेडण्याहून मडगावापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडलं तर चालतेच. खरी परीक्षा गोव्याबाहेर पडताना. चोर्ला घ्या, अनमोड घ्या, नाहीतर सावंतवाडीवरून आंबोली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हतंय, आरशात टिपर मोठा मोठा होतोय, आणि शेजारी बसलेलं माणूस विचारतंय, "एसी बंद करू का?"

माझ्याकडे नव्वदच्या दशकातली टेंपो ट्रॅव्हलर आहे. आत ओटा, पलंग, पाण्याची टाकी. इंजिन मर्सिडीजच्या ओएम616 घराण्यातलं, 2.4 लिटर, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नाही. मर्सिडीजनं हे इंजिन 72 अश्वशक्तीपर्यंत विकलं. आता हिशोब बघा. साडेतीन टनांची गाडी 7 टक्के चढावर ताशी 40 किलोमीटरनं न्यायची तर चाकांपाशी साधारण 45 अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमध्ये थोडी जाते, एसी थोडी खातो, आणि इंजिनाची चौथाई ताकद वयानं गेली असेल तर हातात काही उरतच नाही. इंजिन नवं असतं तेव्हाही हिशोब काठावरचाच होता.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: ताकद वाढवण्याआधी हरवलेली शोधावी. टर्बोवाल्यांनी रागावू नये, त्यांनीही लिहावं. गाडी कुठली, इंजिन कुठलं, भरलेलं वजन किती आणि नक्की कशानं फरक पडला, एवढं लिहा. "मस्त पळते आता" असलं मोघम नको.

तांबडी माती, डिचोली

मॅटाडोर, आतून घर केलेली. आमच्याकडे खाणींचे ट्रक धावायचे तेव्हा रस्त्यावरची धूळ झाडांच्या पानांवर थर धरून बसायची. एअर फिल्टर वर्षातून एकदा बदलायचा हा नियम त्या रस्त्याला लागू नाही. ऑईल बाथ फिल्टरच्या (तेलात धूळ अडकवणाऱ्या फिल्टरच्या) वाटीत तळाला बोटभर लाल चिखल निघाला होता. वाटी धुऊन नवं तेल घातलं, काळा धूर निम्म्यावर आला.

पण मोठा फरक फिल्टरनं पडला नाही. मेस्त्रीनं मला आत बसवलं, "पॅडल पुरतं दाबून धर" म्हणाला आणि स्वतः बॉनेटखाली वाकला. पॅडल जमिनीला टेकलं होतं, पण इंजिनाला डिझेल मोजून देणाऱ्या पंपाचा लिव्हर स्टॉपरपासून अर्धा इंच अलीकडेच थांबत होता. केबल ताणलेली, त्यात पायाखाली जाडजूड गालिचा. म्हणजे मागच्या मालकापासून ही गाडी पूर्ण अॅक्सिलरेटरवर कधी चाललीच नव्हती! केबल खेचून घेतली, पॅडलखालचा गालिचा कापला. पैसे घ्यायलाही तो तयार नव्हता.

धागाकर्ता

ही तपासणी सगळ्यात आधी. दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात.

एक थेंब, फोंडा

माझीही ट्रॅव्हलर, ओएम616. गाडी सुरू छान व्हायची, धूर नाही, आवाज मऊ. फार मऊ. आमच्या पंपवाल्या मेस्त्रीला तोच संशय आला. डिझेल इंजिन जरा टकटकलं पाहिजे; फार गोड वाजायला लागलं तर टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडलंय का बघावं, असं त्याचं म्हणणं.

त्यानं टायमिंग बघितलं ते जुन्या थेंबाच्या पद्धतीनं. बघण्यासारखा प्रकार आहे. पहिल्या सिलिंडरच्या जागी पंपावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढला आणि तिथे हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावली. लिव्हर पूर्ण उघडा बांधला. प्रायमरनं, म्हणजे हातपंपानं, डिझेल दिलं की नळीतून धार लागते. मग क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं, फिरायच्या दिशेनंच, अगदी हळू फिरवायचं. धार बारीक होते, तुटते, थेंब पडायला लागतात. सेकंदाला एक थेंब, इथे थांबायचं आणि पुलीवरची खूण वाचायची. मॅन्युअलप्रमाणे ती पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी 24 अंशांवर हवी. आमची बरीच मागे होती. टायमिंग चेन वर्षानुवर्षं ताणत जाते, तसं टायमिंग मागे सरकतं. पंपाचे नट ढिले करून पंप किंचित फिरवला, पुन्हा थेंब मोजले.

त्याच बैठकीत टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) लावले: थंड इंजिनावर इनलेट 0.10 आणि एक्झॉस्ट 0.30 मिलीमीटर. अनमोडला जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे आता तिसऱ्यात निघते. शिवाय टेंपरेचरचा काटाही खाली राहतो, कारण उशिरा जळणारं डिझेल ताकद देण्याऐवजी उष्णताच जास्त करतं.

नोझल, मडगाव

त्यालाच जोडून. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) टेस्ट करून घ्या, पण आपल्या इंजिनाचा आकडा मेस्त्रीला सांगा. प्रीचेंबरवाल्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) जुन्या इंजिनांचं नोझल साधारण 115 ते 135 बारला उघडतं, डायरेक्ट इंजेक्शनचं (थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्यांचं) त्याहून बरंच वर, 200च्या आसपास. चारही एका दाबाला उघडली पाहिजेत. टेस्टरवर फवारा धुक्यासारखा दिसला पाहिजे; पिचकारी मारत असेल किंवा टोकाला थेंब लोंबत असेल तर ते नोझल गेलं.

पावसाळी मुक्काम, काणकोण

आम्ही जून ते सप्टेंबर गाडी माडांखाली ताडपत्री टाकून ठेवतो. ऑक्टोबरात निघालो की पहिला घाट करमल. सपाटीवर बरी, चढाला लागली की मिनिटभरात मरगळणार. थांबवून दोन मिनिटं विसावा दिला की पुन्हा बरी. ही लक्षणं पाठ करून ठेवा: इंजिनाला हवं तितकं डिझेल पोचत नाही.

अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात ठेवली की आत दव धरतं. पाणी तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते. टाकी उतरवली तेव्हा तळातून निघालेला प्रकार शेवाळासारखा बुळबुळीत, काळपट होता, आणि सक्शन पाईपच्या टोकाची जाळी त्यानंच लिंपली होती. फिल्टर बदलून काय होणार, अडथळा फिल्टरच्या अलीकडे!

टाकी धुतली, रबरी पाईप सगळे बदलले. जुना पाईप बाहेरून धडधाकट दिसतो, डिझेल गळत नाही, पण ओढताना हवा आत घेतो. ती पकडायची युक्ती सोपी. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडायची. बुडबुडे दिसले की चोर टाकीच्या बाजूला. आता आम्ही पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरतो आणि उघडीप मिळाली की वॉटर सेपरेटरचा स्क्रू सोडून पाणी काढतो.

नवा भिडू, पर्वरी

टाकीत ओतायच्या पॉवरच्या बाटल्या मिळतात. काही उपयोग?

नोझल

नोझल किंचित तुंबलं असेल तर साफ करणाऱ्या औषधानं थोडा फरक पडतो. झिजलेलं नोझल बाटलीनं भरून येत नाही.

मेस्त्री, पेडणे

मी मालक नाही, काम करणारा. हरमल-मांद्र्याला परदेशी लोक युरोपातून रस्त्यानं घेऊन यायचे त्या जुन्या मर्सिडीज 508 आणि 608 माझ्या हाताखालून गेल्या. त्यांचं इंजिन ओएम314, पावणेचार लिटरच्या वर, डायरेक्ट इंजेक्शन, 85 घोडे. एवढ्या अजस्र पेटीला 85 घोडे! आणि त्यावर ती माणसं अर्धी दुनिया पार करून येत. घाई नसली की ताकद पुरते, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं.

एक गोष्ट सांगतो. एक गाडी आली, धूर शून्य, पण ओढच नाही. कॉम्प्रेशन बरं, नोझल बरी, टायमिंग बरं. मग मालकाला विचारलं, आधी कुठे होतात? म्हणाला, उन्हाळाभर लडाखला. तिथे गाडी फार काळा धूर टाकत होती म्हणून मनालीला कोणीतरी पंपाचं डिझेल कमी करून दिलं होतं. बरोबरच केलं होतं. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढीच हवा मिळते. पण खाली आल्यावर डिझेल परत वाढवायचं कोणाला सुचलंच नाही. पंप तपासणीच्या बेंचवर चढवून कंपनीच्या आकड्याला आणला, काम झालं.

आता लोक येतात आणि म्हणतात, मेस्त्री, पंपाचा डिझेलचा स्क्रू थोडा वाढव. वाढवतो तर पिकअप लगेच जाणवतो, खोटं नाही. पण जास्तीचं डिझेल जाळायला हवा कुठून आणणार? धूर काळा, पिस्टन तापतो, रिंगा जातात. चढाला पूर्ण दाबल्यावर मागे नुसती करडी झाक दिसली तर ठीक. मागचा स्कूटरवाला तोंड पुसायला लागला तर डिझेल वाया जातंय. हल्ली मी सरळ सांगतो, आधी बेंचवर मापू, मग बोलू. स्क्रूचं सील उगाच तोडायचं नाही.

शिट्टी, मडगाव

आता टर्बोवाल्याचं ऐका. टाटा 407, जुनी, 2956 सीसीचं बिनटर्बोचं 497 इंजिन. वरची सगळी कामं करून घेतली होती, इंजिन तब्येतीनं ठणठणीत. तरीही भरलेलं वजन साडेचार टनांच्या वर, त्यामुळे चोर्ल्याला रांगणं चुकत नव्हतं. निरोगी इंजिनही लहानच पडत असेल तर धागाकर्त्याचं "हरवलेली शोधा" तिथे संपतं.

मी जुन्या इंजिनाला वरून टर्बो लावला नाही. दोन-तीन गॅरेजवाले तयार होते. पण कंपनी टर्बो लावते तेव्हा पिस्टन, हेड गॅस्केट, तेलाचा पुरवठा, पंप, सगळंच त्या हिशोबानं बदलते. म्हणून त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन पंप-रेडिएटरसकट बसवलं. कागदाचं काम टाळू नका: इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर चढवावा लागतो. ते न करता अपघात झाला तर विमेवाले पहिला मुद्दा हाच काढतील.

टर्बोइतकाच उपयोग झाला तो एक्झॉस्टच्या तापमानाच्या मीटरचा. त्याची काडी टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये बसते. लांब चढाला काटा 600च्या पुढे गेला की मी लक्ष ठेवतो, 700 अंशांकडे जाऊ देत नाही. गंमत म्हणजे काटा चढायला लागला की पॅडल दाबायचं नसतं, गिअर खाली घ्यायचा. फेरे वाढले की हवा वाढते आणि तापमान उतरतं. पाण्याच्या काट्याला ही बातमी फार उशिरा लागते. घाटमाथ्यावर पोचलो की इंजिन लगेच बंद करत नाही, दोन मिनिटं आयडलवर ठेवतो.

खर्च? एवढ्या पैशात घरच्यांना विमानानं फिरवून आणलं असतं, असं घरचेच सांगतात.

कमी सामान, साखळी

टर्बोच्या पैशांवर चर्चा चालू आहे म्हणून लिहितो. गाडी वजनकाट्यावर नेलीत का कधी? आमच्या भागात खाणींमुळे काट्यांना तोटा नाही. एकदा पुढची चाकं, एकदा मागची, एकदा पूर्ण. आकडा बघून आमच्या हिनं आधी काट्यावरच संशय घेतला.

200 लिटरची पाण्याची टाकी भरून घाट चढायचा म्हणजे 200 किलो वर न्यायचे, आणि वर पोचल्यावर नळ असतोच. प्लायवुडचं जाड कपाट, दोन सिलिंडर, जनरेटर, "लागेल म्हणून" ठेवलेली अवजारं. वर धागाकर्त्यानं दिलेल्या हिशोबात 100 किलो कमी केले की सव्वा अश्वशक्ती सुटते. आम्ही 300 किलो उतरवले आणि एक पैसा खर्च झाला नाही.

दुसरं, खारी हवा. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीचे व्हील सिलिंडर आणि हँडब्रेकच्या केबल गंजून अडकतात, ब्रेक पुरता सुटत नाही. सपाटीवर थोडं चालवून, ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही ड्रमना हात लावून बघा. एखादा चटका देत असेल तर इंजिनाच्या मागे लागू नका.

जुना पत्रा, वाळपई

आमच्या गाडीची कथा छोटी. पावसाळाभर उभी होती, सायलेन्सरच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. त्याआधीच आतले पडदेही गंजून कोसळले होते. इंजिन श्वास सोडणार कुठून? मेस्त्री कोकणीत म्हणाला, "गाडयेक बळ आसा, पूण तिका श्वास मेळना." नवा सायलेन्सर घातला, जुन्याच व्यासाचा. मोठ्या व्यासानं पिकअप वाढतो म्हणतात, मला तरी आवाजाखेरीज काही वाढेल असं वाटत नाही.

नवा भिडू

माझी मॅटाडोर कधीकधी आपोआप फेरे वर-खाली करते आणि धूर टाकते. पंप काढू का?

एक थेंब

थांबा, पंप काढू नका. तुमच्या पंपावर व्हॅक्यूमचा गव्हर्नर (डिझेल किती जायचं ते ठरवणारा भाग) आहे का बघा. एअर मॅनिफोल्डमध्ये फुलपाखरू झडप असते आणि तिथून बारीक पाईप पंपाच्या मागच्या टोपीला जातो. त्या टोपीत पातळ डायफ्राम असतो. तो फाटला किंवा पाईपला चीर गेली की पंपाला डिझेल किती द्यायचं ते कळत नाही, नेमका हाच खेळ सुरू होतो. आधी पाईप बदला, मग डायफ्राम उजेडात ताणून बघा. बारीक भोकं नुसती बघून दिसत नाहीत.

मेस्त्री, पेडणे

आणि तोपर्यंत इंजिन जोरात रेझ करू नका. गव्हर्नर हाताबाहेर गेला की डिझेल इंजिन चावी काढल्यानंही थांबत नाही.

धागाकर्ता

नव्या भिडूनं डायफ्राम बघितल्यावर इथे कळवावं. कोणी डिफरन्शिअलचा क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना फेरे देणारी दात्यांची जोडी) बदलून घाटासाठी रेशो खाली आणला असेल तर लिहा, त्यावर अजून कोणी बोललेलं नाही. हायवेला गाडी किती ओरडते तेही सांगा.