व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलं आणि पट्ट्याला भोकं कमी पडली: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात लालबागेत सकाळची फेरी आटोपून बाकावर टेकलो होतो. आमच्यातल्या एका काकांनी शर्ट वर करून पट्टा दाखवला. जुना कातडी पट्टा. मूळची पाच भोकं होतीच, शिवाय घरी पाडलेली दोन. एक पार टोकाशी, ते निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षाचं. दुसरं बकलाजवळ, ते यंदाच्या संक्रांतीचं. दोन्हींमधलं अंतर बोटं पसरून मोजलं तर वीतभराला थोडंच कमी. तेवढ्यावर आमची अर्धा तास चर्चा झाली, आणि तिथेच हा धागा काढायचं ठरलं.

साठीच्या आधी नोकरी सुटलेल्यांनी लिहावं. व्हीआरएस असो, घरच्या अडचणीने असो, कंटाळा आला म्हणून असो. शरीराचं काय झालं ते सांगा, फसलेलंही सांगा. डाएटचे तक्ते नकोत, ते फोनवर रोज सकाळी 'सुप्रभात'च्या आधी येतात.

सुरुवात मीच करतो. मी विमा कार्यालयातून ५४व्या वर्षी बाहेर पडलो. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असायची, चहा खाली टपरीवर. म्हणजे दिवसातून चार-पाचदा जिने. हा व्यायाम आहे असं तीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. घरी बसल्यावर सकाळी सातला घरचे पोहे, आणि दहाला राजवाड्याकडे मित्रांबरोबर 'सोबत म्हणून' दुसरे पोहे, वर जलेबी. पोहे वाफेवरचे, तेल कमी, म्हणून हलके म्हणायचे. पण त्यावर पडणारी सेव कोण मोजतो? दोन वर्षांत ७१चा ८० किलो झालो. टेलरने टेप लावून १०१ सेंटिमीटर सांगितले तेव्हा वाटलं त्याची टेप ताणलेली असेल. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९०च्या पुढे गेली की डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात, हे नंतर कळलं. आता मी ७४वर आहे. दुसरे पोहे बंद केले, मित्र नाही. त्यांच्यासमोर बसून नुसता चहा पितो. पहिला महिना फार जड गेला.

राजेंद्रनगरहून, बीएसएनएल

आमची तारीख सगळ्यांना पाठ आहे, ३१ जानेवारी २०२०. त्या एका दिवशी देशभरातले ७८ हजारांवर लोक बाहेर पडले, त्यात मी. वय ५३. मी लाइनचा माणूस, खांब आणि खड्डे, उन्हातान्हात फिरणं. ठरवलं होतं की मार्चमध्ये नर्मदेकाठी जाऊन येऊ, मग पुढचं बघू. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला.

बायको म्हणायची, "अहो, तुम्ही घरात बसून राहिले ना, तर डबा संपून राहिला." डबा म्हणजे सेवेचा. आमच्या घरी वरण-भातावर सेव, कढीवर सेव, आणि काहीच नसेल तर नुसती सेव. वजन ७४वरून ८६. दुसऱ्या वर्षी नवरात्रात बिजासनच्या टेकडीवर चढताना तीनदा थांबलो, मागच्या पोरांनी "काका, पानी दूं?" विचारलं. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही, त्यामुळे रिपोर्ट बदलला असेल असंच वाटलं. डॉक्टर हसले. म्हणाले, त्याला दारूच लागते असं नाही, पोटावरची चरबी पुरते.

मी आयुष्यभर मीटर लावून मोजलेला माणूस. घरचा छोटा वजनकाटा काढला आणि माझी नेहमीची मूठ त्यावर रिकामी केली. तीस ग्रॅम. तळलेलं बेसन, म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, दीड पोळीइतकं. दिवसाला अशा चार मुठी सहज जायच्या. सहाशेच्या वर कॅलरी नुसत्या शिंपडण्यात! मी जेवत होतो दोन वेळा आणि शिंपडत होतो चार वेळा.

सेव सोडली नाही. इंदूरमध्ये राहून सेव सोडायची तर घरच विकावं लागेल. एक मीठदाणी घेतली, मोठ्या भोकांची, बारीक सेव तिच्यात भरली. जेवढी पडेल तेवढी. लोक हसतात, हसू दे. रात्रीचं जेवण साडेदहाचं साडेसातवर आणलं आणि चालायला लागलो. पहिल्या महिन्यात तीन किलो गेले. मी सगळ्या कॉलनीला सांगून आलो. त्यानंतर चार महिने काटा हलला नाही. एक ग्रॅम नाही.

चूक मुलीने दाखवली. मी जेवण निम्मं केलं होतं, डाळ-दहीसुद्धा, आणि नुसता चालत होतो. चरबीबरोबर दंड-मांड्याही उतरल्या होत्या. पूर्वी खांबावर चढणारा मी गॅसचं सिलिंडर सरकवताना धापा टाकायचो. मग तेलाच्या दोन रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरलं. एक दिवसाआड सकाळी अंगणात उचलणं, खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठणं, ताटात रोज मूग किंवा मटकी आणि वाटीभर दही. सुरुवातीला कॅन अर्धेच भरायचो. आता काठोकाठ. चौदा महिन्यांत ७५वर आलो आणि सिलिंडर पुन्हा मीच उचलतो. बिजासनला मागच्या नवरात्रात न थांबता चढलो. पाणी विचारणारी पोरं या वेळी नव्हती, याचं थोडं वाईट वाटलं.

सुदामानगरहून

मी शाळेत होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून ५२व्या वर्षी सोडली. वरती पुरुषमंडळी 'घरी बसलो' असं लिहितात ते वाचून हसू आलं. बायका घरी बसत नाहीत हो. शाळा होती तेव्हा निदान साडेसहा तास स्वयंपाकघर माझ्यावाचून चालायचं. आता "तुला काय, वेळच वेळ" म्हणून चारही वेळचं माझ्याकडे आलं, आणि प्रत्येक वेळी उरलेलं माझ्या पोटात. अर्धी पोळी टाकवत नाही, वाटीभर भाजी फ्रीजमध्ये ठेववत नाही. रविवारी दाल-बाफले (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे) केले की तुपात बुडवलेला एक बाफला उरणारच, आणि तो संध्याकाळी चहाबरोबर कोणाच्या वाट्याला येणार ते सांगायला नको. त्यातच पाळी गेली. दोन वर्षांत ६८ किलो, आणि साखरेची तपासणी, एचबीएवनसी, ६.३.

माझा उपाय खाण्याचा नाहीच, एका तासाचा आहे. सकाळी सहा ते सात मी घरात नसते. सासूबाईंचा चहा आणि औषध हे बघतात. पहिल्या आठवड्यात यांनी रोज फोन केला, साखर कुठे आहे विचारायला. तिसऱ्या दिवसापासून मी फोन घरीच ठेवून निघायला लागले. दुसरी गोष्ट, माझं ताट मी पहिलं वाढते. सगळ्यांचं झाल्यावर नाही, पहिलं, झाकून ठेवते. पोटात काय जाणार ते भूक लागण्याच्या आधीच ठरलेलं असतं.

नऊ महिन्यांत चारच किलो गेले. नणंद म्हणाली, "काही फरक नाही दिसत गं." डॉक्टर म्हणाले, वजनाच्या पाच-सात टक्के उतरलं तरी सीमेवरची साखर मागे फिरू शकते, आणि तुमचे सहा टक्के झालेत. आता ५.८ आहे. ५.७च्या खाली अजून जायचंय. नणंदेला आकडा सांगितला नाही, तिला त्यातलं काही कळणार नाही.

नवलखा

दहा उतरवले, आठ परत आले. कारण सांगतो: पुण्या-मुंबईचे पाहुणे. महिन्यातून दोनदा कोणी ना कोणी येतं आणि प्रत्येकाला रात्री सराफ्यात, खाऊच्या बाजारात, जायचंच असतं. थंडीत गराडू (तळलेला कंद), बाकी वर्षभर भुट्ट्याचा कीस, शिकंजी. पाहुणे दोन दिवसांत परत जातात, मी इथेच राहतो. आता घरून पोटभर जेवून निघतो आणि एक प्लेट चौघांत घेतो, पण सराफ्यात पोहोचल्यावर जेवलेलं आठवत नाही. कोणाकडे इलाज असेल तर सांगा.

पीथमपूरला होतो, आता विजयनगर

माझं उलटं झालं, म्हणून लिहावंसं वाटलं. पन्नासाव्या वर्षी कारखान्यातून पैसे घेऊन बाहेर पडलो. वीस वर्षं शिफ्ट केली, रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये जेवायचो. सुटल्यावर काहीच न करता वजन उतरायला लागलं. तीन महिन्यांत नऊ किलो. ग्वाल्हेरला भाचीच्या लग्नात सगळे म्हणाले, "काय मामा, एकदम फिट!" मी पण मनात म्हटलं, शिफ्ट सुटली, शरीर मार्गावर आलं. नवीन पँटी शिवल्या.

रात्री उशाशी तांब्या ठेवायचो, तो दोनदा भरायला उठायचो, आणि लघवीला चारदा. बायको म्हणाली उन्हाळा आहे. उन्हाळा सरला तरी तांब्या तसाच. कारखान्यात वर्षातून एकदा रक्त तपासायचे, ते पैसे घेतले त्या दिवशीच सुटलं होतं आणि मला त्याची आठवणही नव्हती. शेवटी चष्म्याचा नंबर बदलल्यासारखं दिसायला लागलं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी आधी साखर करून या म्हणून परत पाठवलं. एचबीएवनसी ११.४. तीन महिन्यांची सरासरी असते ही, म्हणजे लग्नात मिरवत होतो तेव्हाही साखर तिथेच कुठेतरी असणार. इन्शुलिन पुरत नसलं की रक्तातली साखर लघवीवाटे जाते आणि शरीर स्वतःलाच जाळायला लागतं. त्याला मी फिटनेस समजत होतो.

इलाज सुरू झाल्यावर वजन चार किलो वाढलं, आणि त्या वाढीचा मला फार आनंद झाला. मनाने काही न करता कोणी बारीक झालं असेल तर कौतुक नंतर करा, आधी साखर आणि थायरॉइड बघा. त्या पँटी अजून कपाटात आहेत.

अन्नपूर्णा रोडवरून, बँक

वरच्या पीथमपूरवाल्यांचं वाचून माझी एक गोष्ट सांगतो. मी सायकलवर सिरपूर तलावापर्यंत जातो, हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात ते बघत बसतो. आठ महिन्यांत सात किलो गेले, काही अडचण नव्हती. एका गुरुवारी पूजेच्या पाटावरून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार. देव्हाऱ्याला धरलं म्हणून वाचलो, निरांजन मात्र कलंडलं. बीपी १०४/६२. गोळी जुन्या वजनाच्या हिशेबाची चालूच होती! डॉक्टरांनी डोस निम्मा केला. मी स्वतःच गोळी बंद करणार होतो, मुलाने थांबवलं. वजन उतरवताना बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावा लागतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर सतरंजीला भोक पडलं नसतं.

पट्टेवाल्या काकांच्या घरून

हे स्वतः लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. लालबागेत यांनी सांगितलं असेल की चालून आणि भात सोडून बारीक झालो. चालणं तर पहिल्या वर्षीही होतं, कचोरीच्या दुकानापर्यंत. भात यांनी सोडलेला नाही, मी रोज लावते.

झालं काय, गेल्या जूनमध्ये नातीची शाळेची रिक्षा बंद झाली. मुलगा-सून कामावर जातात. "मी सोडतो" म्हणाले, दोन दिवसांपुरतं. शाळा सव्वा किलोमीटर, जाऊन येऊन दोनदा, म्हणजे पाच. परतताना दप्तर यांच्या पाठीवर. सकाळी साडेसहाला निघायचं म्हणून रात्री दहाला झोपायला लागले, त्यामुळे टीव्हीपुढचं अकराचं चिवड्याचं खाणं आपोआप गेलं. आधी दहापर्यंत लोळायचे आणि उठल्यावर "आज काय आहे खायला?" हा पहिला प्रश्न. आता विचारतात, "दप्तर भरलं का?" नवीन रिक्षावाला सप्टेंबरमध्येच मिळाला होता. यांनी परस्पर नाही सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिन्यात दोन किलो वाढतील हे मी आत्ताच लिहून ठेवते. आणि त्या भोकांबद्दल: खिळा यांनी माझ्या गॅसवर तापवला, दोन्ही वेळा, आणि धरायला दुधाची सांडशी घेतली. ती काळी झाली ती अजून निघालेली नाही.