क्लायंबरचं पोर्ट्रेट: चेहरा जमलाय पण जोर दिसत नाहीये

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा. भाची पावागडला रॉक क्लायंबिंग करते, तिचं मोठं पोर्ट्रेट चारकोलमध्ये करायला घेतलंय, फोटोवरूनच. चेहरा हुबेहूब उतरलाय, घरचे खूश आहेत, पण ती कड्याला लटकलीये असं काही वाटत नाही, कड्यासमोर फोटोला उभी राहिल्यासारखी दिसते. मला तिची चिवट जिद्द हवीये चित्रात. मागे अख्खा पावागड काढू का? की रंगात करू?

कपार:
दादा, मी स्वतः चढते म्हणून सांगते, जोर चेहऱ्यात शोधू नका. सरावलेल्या क्लायंबरचा चेहरा बऱ्याचदा शांतच असतो. बोटं मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि तिथून कंडरा बोटांपर्यंत जातात, म्हणून बारीक कपार धरली की हाताचा तेवढा भाग फुगून दगड होतो, शिरा वर येतात, आम्ही त्याला पंप होणं म्हणतो. आणि क्रिंपची पकड, म्हणजे बारीक कडेवर बोटांची टोकं रोवून धरणं, नीट बघा, बोटाचं मधलं पेर उंच उठतं, टोकाचं पेर उलटं मागे वाकतं. एवढं जरी खरं उतरलं ना तरी बघणाऱ्याच्या बोटांत कळ येईल. फोटोत हात सरळ असेल तर प्लीज वाकवू नका, दम टिकवायला आम्ही सरळ हातावरच लटकतो.

कोळसा_कागद:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. रंग नको आणि पावागडही नको, मागे डोंगर आला की ते निसर्गचित्र होतं. व्हिएन्नाचा चित्रकार एगॉन शिले (१८९०-१९१८) बघा, मागचा कागद कोरा आणि गाठाळलेली बोटं, सगळा ताण तिथेच. तुमची रेघ बहुतेक सगळीकडे एकाच दाबाची पडत असणार. धड हलक्या चारकोलने काढून बोटाने पुसून टाका, हात मात्र कॉम्प्रेस्ड चारकोलने (घट्ट, जास्त काळी कांडी), दाबून, रेघ तुटली तरी चालेल. क्लायंबर घामासाठी बोटांना लावतात ती चॉक पावडर खोडरबराने उचला, कागदाचा पांढरा तोच चॉक. आणि जमलं तर कीर्तिमंदिरात जाऊन या, नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांत नुसती रेघ काय काय पेलते ते समोर उभं राहून बघण्यासारखं आहे, आपल्याच गावात असून आपण जात नाही.

दांडियाबाजारकर:
दोघांचे मनापासून आभार, आज रात्रीच चित्रातले हात पुसून नव्याने घेतो. ताई एक राहिलं, फोटोत पाय कापले गेलेत. टाच वर दाखवू की खाली?

कपार:
दगडावर अवलंबून आहे. बारीक कडेवर बुटाचं टोक असेल तर टाच साधारण आडवी, आणि धरायला काहीच नसलेल्या तिरक्या दगडावर नुसतं रबर चिकटवून उभी असेल तर टाच खाली, म्हणजे रबर जास्त टेकतं. वजन दोन्ही प्रकारांत पायाच्या अंगठ्यापाशीच. भाचीलाच विचारा ना ती कुठल्या दगडावर होती, तिला पक्कं आठवत असणार.